एक्केचाळीस नंबरची हरकत

मनोहरराव सकाळी अकराला नगरपंचायतीच्या सभागृहात येऊन बसले ते चार वाजले तरी बसलेलेच होते. हरकत क्रमांक एक्केचाळीस. ही त्यांची तिसरी तारीख. पहिलीला आचारसंहिता आडवी आली, दुसरीला साहेब नागपूरला बैठकीला गेले. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं ज्यानं म्हटलं तो नशीबवान होता. त्याचं सहा महिन्यांत झालं तरी.

प्रकरण तसं साधं होतं. गावाच्या नव्या आराखड्यात बाजाररोड 'ना-फेरीवाला क्षेत्र' ठरला होता. म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून कुणी काही विकायचं नाही. भाजीवाल्यांनी बायपासच्या पलीकडे, जुन्या ढोरबाजाराच्या मैदानात जायचं. तिथं सावली नाही, पाणी नाही आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक नाही. मनोहररावांच्या किराणा दुकानासमोर बावीस वर्षं गोपिका बसायची. आंजीकडच्या आपल्या अर्ध्या एकरातली वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन ती सकाळच्या एसटीनं यायची. फेरीवाल्यांची मोजणी झाली त्या दिवशी ती नेमकी नवस फेडायला गिरडला गेली होती. म्हणून तिचं नाव यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून तिला हरकत घ्यायचा हक्क नाही. समोरच्या दुकानदारानं हरकत घेतली आणि सुनावणीत ती टिकली तर तेवढी जागा बंदीतून सुटेल, असं नगरपंचायतीतल्या बाबूनं सांगितलं होतं. मनोहररावांनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. "तू फिकर नको करू, मी पाह्यतो," असं गोपिकाला छातीठोकपणे सांगूनही टाकलं.

आता मनोहरराव काही भांडणारा माणूस नव्हे. चाळीस वर्षं दुकानाच्या गादीवर बसलं की दोन शब्द माणसाच्या तोंडात कायमचे मुक्कामाला येतात. गिऱ्हाईकानं फोडलेला पुडा परत आणला, हरकत नाई. कुणी दुकानाच्या तोंडाशी मोटरसायकल लावून गेला, हरकत नाई. त्यांची बायको म्हणायची, यमराज आला तरी हे 'हरकत नाई, बसा' म्हणून त्याच्यासमोर स्टूल सरकवतील.

चारला नंबर पुकारला. मनोहरराव गुडघे धरून उठले आणि टेबलासमोर उभे राहिले. साहेब तरुण होते, बोलायला सभ्य होते. मनोहररावांनी आठ दिवस घोकलेलं पहिलं वाक्य तोंडातून काढलं, तोच साहेबांचा मोबाइल वाजला.

"काका, जरा महत्त्वाचा फोन आहे. दोन मिनिटं थांबलात तर हरकत नाही ना?"

"हरकत नाई साहेब, घ्या नं."

शेजारी संगणकावर तोच बाबू बसला होता. सकाळपासून चाळीस जणांची रड ऐकून त्याच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. 'अर्जदाराचे म्हणणे' या रकान्यात त्यानं लिहिलं, हरकत नाही. कागद छापला आणि पुढे सरकवला.

"सही करा, काका."

मनोहररावांनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अरे बाबू, ते मी साहेबाच्या फोनले म्हनलं!"

सभागृहात हशा पिकला. फोनवर बोलता बोलता साहेबही हसले. हरकत घ्यायला जाऊन हरकत नाही असं लिहून देणारा माणूस तालुक्यात पहिलाच असावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"दुरुस्त करून दे नं मंग," मनोहरराव म्हणाले.

"एंट्री होऊन गेली नं काका. आता दुरुस्तीचा अर्ज द्या अन् सोळा तारखेले या. पुढच्या सुनावनीत घेऊ."

सोळा तारीख. पुन्हा तीच प्लास्टिकची खुर्ची, तोच घरघरणारा पंखा, पुन्हा अकरा ते चार. मनोहररावांच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. गुडघे ठणकत होते. इथपर्यंत झालं ती चूक होती, आणि चुकीला कुणी काही म्हणत नाही. पण पुढचं चूक नव्हतं. त्यांनी पेन घेतला आणि सही केली.

दुकानाकडे परतले तेव्हा गोपिका उरलेल्या पालकावर पाणी शिंपडून पोतं आवरत होती. तिची पाचची एसटी होती.

"काय झालं जी?"

मनोहररावांनी सगळं रंगवून सांगितलं. साहेबांचा फोन, बाबूचं टायपिंग, लोकांचं हसणं. गोपिका तोंडाला पदर लावून पोटभर हसली. हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "मंग दुरुस्त करून घेतलं नं?"

"सोळा तारीख देत होते."

"मंग?"

"थकलो होतो व गोपिका. सही करून देली."

ती रागावली असती तर मनोहररावांना बरं वाटलं असतं. पण ती रागावली नाही. पोत्याचं तोंड तिनं सुतळीनं बांधलं, गाठ ओढून पाहिली.

"तीन खेपा तुमी एकलेच गेले," ती म्हणाली. "मले काऊन नाई नेलं?"

"तुले काय बोलू देनार होते तिथं? यादीत तुयं नावच नाई."

"बोलाले नाई जी. मी नंबर धरून बसली असती अन् तुमी चार वाजता आले असते. मले काय, दिवसभर बसाची सवयच हाय."

पोतं डोक्यावर घेऊन ती स्टँडकडे निघाली. मनोहरराव दुकानाच्या पायरीवर टेकले. बावीस वर्षं ते तिला समोर बसलेली पाहत होते, आणि एवढी गोष्ट त्यांना एकदाही सुचली नव्हती.