बिनमोरचुदाचं जंगल

नेरच्या एका जुन्या वाचनालयात राजदीप गेली एकोणीस वर्षं पुस्तकं बांधतो आहे. फाटलेल्या पुस्तकाची पाठ सोडवायची, पानं दोऱ्यानं शिवायची, पुठ्ठा लावायचा आणि वर हिरवं कापड चढवायचं. चिकटवायला लागणारी मैद्याची लई तो स्वतः शिजवतो आणि उतरवताना तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतो. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे वाळवी पुस्तकाकडे फिरकत नाही. वाचक फिरकतात असंही नाही, पण तो राजदीपच्या हातातला विषय नव्हे.

आई गेल्यापासून तो वाचनालयामागच्या खोलीत एकटा राहतो. गावातले लोक म्हणतात, त्याला एकटं राहायलाच आवडतं. हे साफ खोटं आहे. विचारपूस करायचा कंटाळा आला की लोक असं काहीतरी ठरवून मोकळे होतात.

त्याला मित्र म्हणावा असा एकच, अंकुर. टायपिंगच्या क्लासपासूनची दोस्ती. अंकुरच्या मावसभावानं कधीतरी त्याला एक खोकं दिलं होतं. त्यात अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे शिपाई होते, काही हिरवे, काही पिवळे, सोबत फासे आणि नियमांची वही. टेबलावर जंगल मांडायचं, फासे टाकायचे आणि पट्टीनं मोजून शिपाई पुढे सरकवायचे. गोळी घालायची तर दोन शिपायांमध्ये दोरा ताणून बघायचा. मध्ये झाड आलं, तर समोरचा वाचला. तयार जंगलं विकत मिळतात, पण त्यांच्या किमती ऐकून दोघं पोट धरधरून हसले होते आणि मग घरीच बनवायला बसले होते. दर रविवारी दुपारी, वाचनालय बंद झालं की वाचनाच्या टेबलावर डाव पडायचा. असे नऊ वर्षांचे रविवार गेले. राजदीपच्या आयुष्यातले तेवढेच रविवार, बाकीचे नुसते सुट्टीचे दिवस.

तीन वर्षांपूर्वी अंकुरला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या दिवशीही ते खेळत होते आणि डाव अर्धाच झाला होता. बाहेर गाडी हॉर्न मारत होती.

"हात नको लाऊ याले," अंकुर उठता उठता म्हणाला. "माही खेळी बाकी आहे. आलो का संपवू."

राजदीपनं एका कोऱ्या कार्डावर अख्ख्या टेबलाचा नकाशा काढून ठेवला. अकरा हिरवे त्याचे, चार पिवळे अंकुरचे. कोण कोणत्या झाडामागे आहे, कोणाचं तोंड कुठे आहे, सगळं. खरं तर तो जिंकत आला होता. पण जिंकण्याचं त्याला काही नव्हतं. अंकुरनं समोर बसून आपली खेळी करावी, एवढंच त्याला हवं होतं.

यंदा संक्रांतीनंतर अंकुरचा फोन आला.

"साल्याचं लगन आहे यवतमाळले. पुढच्या महिन्यात, तिसऱ्या रविवारी दुपारी नेरले येतो. डाव संपवून टाकू. अन् पोरीलेबी आणतो. तिले म्हटलं, राजदीपकाकाचं जंगल दाखवतो तुले. फक्त सांभाळजो राजा, थे जे दिसन थे तोंडात घालते."

त्या संध्याकाळी राजदीपनं दोन माणसांचा स्वयंपाक केला. भूकच तशी लागली होती.

जुनं जंगल धुळीनं पार मातकट झालं होतं, म्हणून त्यानं नवं करायला घेतलं. शेतांतून तूर निघाली होती, बांधावर तुराट्यांचे ढीग पडले होते. सरळ, बारीक तुराट्या निवडून त्यानं झाडांचे बुंधे केले. जुन्या पुस्तकांचे पुठ्ठे जोडून जमीन केली, तिच्यावर चहाचा वाळवलेला चोथा पसरला. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरव्या रंगात बुडवून झुडपं झाली. महालक्ष्म्यांच्या सजावटीतल्या, लोकांनी टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या वेली त्यानं जमवून ठेवल्या होत्या, त्या झाडांवर चढल्या. पानं मात्र त्यानं बांधणीच्या हिरव्या कापडाच्या कातरणांतून कापली, एकेक करून. सोळाशेच्या पुढे त्यानं मोजणं सोडलं.

लई शिजली तेव्हा सवयीनं हात मोरचुदाच्या डब्याकडे गेला आणि थांबला. पोरगी जे दिसेल ते तोंडात घालते. त्यानं डबा परत फळीवर ठेवला, अगदी मागे सरकवून. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं बिनमोरचुदाची लई वापरली, आणि त्याचं त्याला फार बरं वाटलं. आपल्या घरात लहान लेकरू येणार म्हणून माणूस काळजी घेतो, तशी आपण घेतली, असं वाटलं.

बारा दिवस आधीच जंगल तयार झालं. धूळ बसू नये म्हणून त्यानं ते मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलं, वर जुनी चादर टाकली आणि ठरवलं, आता रविवारीच उघडायचं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर राजदीपनंच त्याला वेड्यात काढलं असतं. लई, पुठ्ठा, तुराटी आणि ओलसर भिंत. वाळवीला याहून वेगळं आमंत्रण लागत नाही. पण आनंदात असलेल्या माणसाला आपला धंदाही आठवत नाही.

रविवारी सकाळी त्यानं चादर काढली. झाडं उभी होती. एक जरा कललेलं दिसलं म्हणून त्यानं बोट लावलं, तर ते हातात आलं, नुसती साल. आत पोकळ. दुसरं तसंच, तिसरंही. भिंतीपासून पुठ्ठ्यावर मातीच्या बारीक नळ्या चढल्या होत्या आणि अर्धं जंगल आतून संपलं होतं. शेजारच्याच फळीवर त्यानं बांधलेली पुस्तकं, जी कुणी मागत नव्हतं, ठणठणीत होती.

तो खाली बसला. रडू आलं नाही. राग आला, स्वतःचाच. मग उठून त्यानं वाळवी झाडली, कुजका भाग कापून काढला आणि जुन्या जंगलातली मातकट झाडं पुसून पुसून तिथे लावली. दुपारी तीनपर्यंत तो जेवलाही नाही. शेवटी ते सगळं वाचनाच्या टेबलावर नेऊन कार्ड समोर धरलं आणि एकेक शिपाई मांडला. अकरा हिरवे. चार पिवळे. दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

अंकुर साडेचारला आला. एकटाच.

"पोरगी?" राजदीपनं विचारलं.

"थे राह्यली यवतमाळले, आजीपाशी. मोबाइल भेटला का तिले कोणी लागत नाही." अंकुर टेबलाभोवती फिरला. "भारी बनवलं राजा. हे इकडलं काहून असं?"

"उदई लागली. आतून पोखरलं सारं."

"बरं झालं, उन्हाळ्यातलं जंगल वाटून राह्यलं." तो हसला. त्यानं मोबाइलवर दोन फोटो काढले. "बसलो असतो बे, पण मंडळी गाडीतच आहे. अंधाराच्या आत यवतमाळले पोहोचा लागते."

"खेळी तुही आहे," राजदीप म्हणाला. "एक खेळी करून जाय. दोन मिनिटं लागतात."

अंकुर उभ्या उभ्याच वाकला. त्यानं एक हिरवा शिपाई उचलला आणि बोटांत फिरवला.

"माह्ये कोणते होते? हिरवेच न?"

राजदीपनं कार्डाकडे पाहिलं. तीन वर्षं ते त्याच्या उशाजवळच्या खिडकीत होतं.

"हो," तो म्हणाला. "हिरवे."

"म्हणजे मी जिकून राह्यलतो." अंकुरला मनापासून आनंद झाला. "पाह्य, अन् तूच म्हणे मले खेळता येत नाही." त्यानं पट्टी न लावताच शिपाई पुढे, उघड्यावर नेऊन ठेवला. "घे, झाली माही खेळी. पुढच्या टायमाले तुही."

बाहेर हॉर्न वाजला. चहा उकळून उकळून आटला होता. अंकुरनं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो गेला. गाडी वळेपर्यंत राजदीप दारात उभा राहिला. त्याला वाईट वाटलं, आणि फार वाटलं.

आत येऊन तो अंकुरच्या खुर्चीत बसला. इथून जंगल वेगळंच दिसत होतं. आता पिवळे चार त्याचे होते आणि खेळीही त्याचीच होती. त्यानं कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवा नकाशा काढला. अकरा हिरवे अंकुरचे, चार पिवळे आपले.

मग त्यानं गॅस पेटवून मैदा कालवला. पडकी झाडं पुन्हा लावायची होती. लई दाटली तसा त्यानं फळीच्या मागून मोरचुदाचा डबा काढला आणि चिमटीनं नव्हे, चमच्यानं टाकलं. लई निळी पडत गेली. ती तोंडात घालणारं आता कुणी येणार नव्हतं.