डाव्या रांगेतला चोथा

गाभण डुकरिणींच्या शेडमध्ये सकाळी सातला खुराक पडायचा आणि सव्वासातला संपायचा. मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. पोटभर घातलं तर त्या लठ्ठ होतात, विताना अडतात, म्हणून बेतानं द्यायची रीत. खुराक कसदार होता, पिलं धडधाकट निघत होती. पण कस वेगळा आणि पोट भरणं वेगळं. सव्वासातनंतर साठच्या साठ जणी लोखंडी गज चावायला लागायच्या. काही जणी तोंडात काहीच नसताना चघळत राहायच्या, ओठांवर फेस येईपर्यंत.

मावशी तिथं अठरा वर्षं कामाला होती. तिला सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वयानं मोठा मॅनेजरसुद्धा. गज चावणं ही डुकरिणींची खोड आहे, असं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं आणि तिनं ते मुकाट्यानं मान्य केलं होतं. रोज कानावर पडणारा आवाज माणसाला हळूहळू ऐकू येईनासा होतो, त्यात मावशी काही जगावेगळी नव्हती.

मग जनावरांची नवी डॉक्टरीणबाई आली. वयानं मावशीच्या लेकीएवढी, पण कामाला वाघ.

"मावशी, ही खोड नाही," ती म्हणाली. "ही भूक आहे."

तिनं मालकाच्या मागे लागून एक प्रयोग मंजूर करून घेतला. उजव्या रांगेतल्या तीस जणींच्या खुराकात बीटचा चोथा आणि कोंडा मिसळायचा; कस तेवढाच, घमेलं मात्र दुप्पट भरलेलं. डाव्या रांगेला नेहमीचंच. सकाळी आठ ते दहा मावशीनं दर दहा मिनिटांनी फिरायचं आणि गज कोण चावतंय, निवांत कोण पडलंय, त्याची तक्त्यावर खूण करायची. सहा आठवड्यांनी फरक दिसला तर सगळ्या शेडना चोथा मिळणार होता. नाही दिसला तर विषय संपला.

फरक चौथ्या दिवशीच डोळ्यांत भरला. उजवी रांग पाऊण तास खायची, पाणी प्यायची आणि कुशीवर पडायची. आणि इथंच घोटाळा झाला. अर्धी शेड गप्प झाल्यावर उरलेली अर्धी मावशीला ऐकू यायला लागली.

डाव्या रांगेत सगळ्यात वयस्क होती थोरली. ती गज चावायची तेव्हा मावशी तिच्यापुढंच थबकायची. मावशीच्या पहिल्या खेपेला, बाळ फार मोठं होईल म्हणून सासूनं तिला रोज अर्ध्या ताटावरून उठवलं होतं. ती भूक तिनं कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं इकडंतिकडं बघून अर्धं घमेलं चोथा थोरलीपुढं ओतला. शेजारची डुकरीण ओरडली. तिनं तरी काय घोडं मारलं होतं? आठ दिवसांत सगळी डावी रांग चोथा खात होती. तक्त्यावर मात्र मावशीनं एकही खोटी खूण केली नाही. दिसलं तेच लिहिलं, आणि त्याचाच तिला मनातून अभिमान होता.

सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरीणबाई तक्ते घेऊन खुराकाच्या खोलीत आली आणि पोत्यावर बसली.

"दोन्ही रांगा सारख्याच निघाल्या, मावशी. मालक म्हणाले, फरकच नाही तर चोथ्याच्या गाड्या कशाला मागवायच्या. सोमवारपासून बंद."

आपल्या हातानं आपण साठही जणींच्या तोंडचा घास काढला, हे मावशीला तिथल्या तिथं कळलं. गप्प बसली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. नोकरीही राहिली असती.

"फरक आहे," ती म्हणाली. "मी डाव्या रांगेला पण चोथा घालत होते."

डॉक्टरीणबाईनं तक्ते बाजूला ठेवले. मग म्हणाली, "किती दिवस?"

"महिना झाला."

ती ओरडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. ती उठली आणि मालकाकडं गेली. तासाभरानं परत आली तेव्हा डोळे लाल होते. मावशीची नोकरी तिनं वाचवली होती. प्रयोगाला आणखी तीन आठवडे मिळाले होते. पण डावी रांग पुन्हा नुसत्या खुराकावर.

"तिथं दुसऱ्या कुणाला ठेवते," ती म्हणाली. "तुम्हाला नाही बघवायचं."

"नको. दुसऱ्यालाही दया येईल," मावशी म्हणाली. "मीच बघते."

सोमवारी सव्वासातला खुराक संपला. डावी रांग गजांना नाक लावून उभी राहिली, चोथ्याची वाट बघत. साडेसात झाले, पावणेआठ झाले. मग एकीनं सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्या रांगेतून लोखंड वाजायला लागलं. मावशी आठच्या ठोक्याला थोरलीसमोर उभी राहिली. थोरलीनं चावणं थांबवलं, नाक वर केलं आणि तिचे हात हुंगले. मावशीला वाटलं, मेले तर बरं. थोरलीनं पुन्हा गज धरला तेव्हा मावशीनं तक्त्यावर तिच्या नावापुढं खूण केली आणि पुढच्या डुकरिणीकडं वळली.