पाठलागाचे मार्क

देवाप्पा ड्रायव्हर आपल्याशी खोटं बोलला, आणि तेही आपल्या लेकीला, आर्याला, सामील करून घेऊन, हे आसावरीला गुरुवारी कळलं. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

गाडी कुठे आहे ते तिला फोनवर दिसायचं. आर्याची शाळा शहरात हेब्बाळला, घर त्याच रस्त्यानं पुढे येलहंक्याला. ट्रॅफिकनं कितीही अंत पाहिला तरी पाऊण तासाच्या वर लागायचं कारण नाही. पण गुरुवारी मीटिंगमध्ये बसल्याबसल्या तिनं पाहिलं, तर गाडीचा ठिपका पीण्या या कारखान्यांच्या भागात, म्हणजे घराच्या अगदी भलत्या दिशेला, वीस मिनिटं उभा. संध्याकाळी विचारलं तर देवाप्पा म्हणाला, "ट्रॅफिक लई हुतं, अक्का." आणि आतल्या खोलीतून अकरा वर्षांची आर्या ओरडली, "ट्रॅफिक खूप होतं गं आई!" न विचारता ओरडली, हे विशेष.

तसा देवाप्पा निपाणीकडचा, साठीला टेकलेला, दीड वर्ष बिनतक्रार काम करणारा माणूस. पान नाही, तंबाखू नाही, गाडी चालवताना फोनला हात नाही. त्याचं व्यसन एकच, सिनेमातले गाड्यांचे पाठलाग. तरुणपणी निपाणीच्या थेटरात एकेक पाठलाग त्यानं सात-सात वेळा पाहिला होता, आणि शाळेच्या जाण्यायेण्यात तो रोग त्यानं आर्याला लावला होता. दोघं दहापैकी मार्क द्यायचे. घाटात गाडी मागे घेत घेत निसटणाऱ्या हिरोला नऊ. पुलावरून उडी मारून गाडीला ओरखडा न आलेल्याला शून्य, "थापा मारतंय बेनं" या शेऱ्यासह. आणि ज्यानं कुणाची भाजीची हातगाडी उलटवली असेल, तो कितीही देखणा हिरो असो, त्याचे तीन मार्क कापले जात. देवाप्पाचा भाऊ भाजी विकायचा. आसावरीला हे आजवर गोड वाटत आलं होतं. गुरुवारनंतर त्यातलं काहीच गोड वाटेना.

शुक्रवारी सकाळी दप्तर भरताना तिला आर्याची मार्कांची वही सापडली. शेवटच्या पानावर लाल पेननं लिहिलं होतं: "नियम. गाडी थांबवायची नाही. घरी जायचं नाही. पीण्याला जायचं. आईला नंतर सांगायचं."

 तिनं नागपूरला नवऱ्याला फोन लावला. शंतनु कामासाठी महिनाभर तिकडेच होता.

"अगं, खेळ असेल काहीतरी. तिलाच विचार ना," तो म्हणाला.

"काल विचारलं ना! मुलगी तोंडावर खोटं बोलली, शंतनु. त्यानं पढवलंय तिला. इट्स नॉट नॉर्मल. आणि मी रविवारी सिंगापूरला चाललेय, पाच दिवस!"

खरी मेख तिथेच होती. सांभाळायला पुण्याहून आई, अनुसूयाबाई, शनिवारी येणार होत्या. पण त्या घर सांभाळणार, गाडी नाही. शाळेच्या दारापासून घराच्या दारापर्यंत आर्या देवाप्पाच्याच हाती. त्याच्यावर सोपवून जायचं की नाही, हे रविवारच्या आत ठरवायला हवं होतं. सरळ त्यालाच समोर बसवून विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण संशय एकदा डोक्यात शिरला की सरळ रस्ता दिसत नाही. तिनं ठरवलं, आपल्या डोळ्यांनीच बघायचं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तीन वाजता शाळेसमोरच्या रिक्षात जाऊन बसली. तोंडाला मास्क, डोक्यावरून ओढणी, डोळ्यांवर गॉगल. सख्ख्या आईनं ओळखलं नसतं. रिक्षावाल्याचं नाव हयवदन. 'त्या पांढऱ्या गाडीच्या मागे' एवढं ऐकताच त्याचं आयुष्य सार्थकी लागल्यासारखा त्याचा चेहरा फुलला.

"सरी, मॅडम! ठीक है! छोडेंगे नहीं!"

आर्या येऊन मागच्या सीटवर बसली आणि गाडी निघाली. सिनेमातल्या पाठलागात रस्ते मोकळे असतात. इथे गाडी दहा पावलं पुढे जाई आणि थांबे. रिक्षाही दहा पावलं पुढे जाऊन तिच्यामागे थांबे. मध्ये एकदा बस घुसली तेव्हा हयवदननं रिक्षा फुटपाथला घासून पुढे काढली आणि गाडीच्या अगदी पाठीला नेऊन चिकटवली. "स्वल्प लांब रहो ना!" आसावरी कळवळून म्हणाली. पण त्याच्या अंगात आलं होतं.

पुढच्या चौकात बेकरीपाशी गाडीनं सरळ जायचं सोडून डावीकडे वळण घेतलं. मग पुन्हा डावीकडे. मग पुन्हा डावीकडे. तीन वळणांनंतर गाडी परत त्याच बेकरीपाशी आली जिथून निघाली होती. बघा, आसावरीच्या मनानं म्हटलं, सरळमार्गी माणूस असा गोल फिरेल का? तिनं देवाप्पाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. एरवी गाडी चालवताना फोन घेत नाही म्हणून ती ज्याचं कौतुक करायची, त्यानं आज फोन घेतला नाही म्हणून तिचा जीव उडाला.

आणि मग गाडी फ्लायओव्हरपाशी आली आणि येलहंक्याचा रस्ता सोडून रिंग रोडला लागली. पीण्याच्या दिशेला. तिथे रस्ता जरा मोकळा होता, आणि देवाप्पानं कधी नव्हे तो वेग घेतला.

"भगाओ, भैया!" आसावरी ओरडली. पोलिसांचा नंबर तिनं फोनवर काढून ठेवला. देवा, माझ्या पोरीला काही होऊ देऊ नकोस, मी सिंगापूरला जात नाही, कुठेच जात नाही, असं ती मोठ्यानं बोलत होती, आणि हयवदन आरशातून तिच्याकडे बघत आता जरा घाबरला होता.

पीण्याच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी लेथ मशीनं घरघरत होती. गाडी एका वर्कशॉपच्या आवारात शिरली आणि तिच्यामागे लोखंडी गेट धाडकन बंद झालं. आतून कडी लागल्याचा आवाज आसावरीनं ऐकला. ती रिक्षातून उडी टाकून धावली आणि दोन्ही मुठींनी गेट बडवू लागली. आतली यंत्रं बंद झाली. कुणीतरी कानडीत ओरडलं. गेटच्या फटीतून तिला बूट दिसले, पाच-सहा माणसांचे, आणि त्यांच्या हातांत पाने आणि सळया.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. देवाप्पा.

"अक्का, घाबरू नगा," तो धापा टाकत दबक्या आवाजात म्हणाला. "आर्या माझ्याजवळ हाय, सुखरूप हाय. शाळेपास्नं एक रिक्षा आमच्या मागं लागलीया. तीन वळणं घेऊन बघितलं, तरीबी मागंच. घरात कुणी न्हाई, म्हणून घर दाखवलं न्हाई. इथं पीण्याला आमच्या गावच्या दयानंदच्या वर्कशॉपात आणलंय, माणसं हायत. तोंड बांधलेलं कोणतर दार बडवायलंय. तुमी पोलिसांना घेऊन या. तवर मी जीव गेला तर दार उघडणार न्हाई."

आसावरीचा हात गेटवरच राहिला. तिला वाटलं, आत्ता इथे जमीन दुभंगेल तर बरं.

"देवाप्पा," ती म्हणाली, "दार उघडा. मीच आहे ती."

 मग कडी निघाली. देवाप्पा जॅकचा दांडा हातात घेऊन दारातच उभा होता. त्याचा शर्ट घामानं भिजून अंगाला चिकटला होता. त्याच्या पाठीमागे आर्या. तिनं आईकडे पाहिलं, रिक्षाकडे पाहिलं, आणि विचारलं, "तू आमच्या मागे लागली होतीस?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आसावरीनं वहीचं सांगितलं, गुरुवारचं विचारलं, तेव्हा उलगडा झाला. वर्कशॉपच्याच गल्लीत एका कानडी सिनेमाचा पाठलाग शूट झाला होता, आर्यानं त्याला साडेनऊ मार्क दिले होते, आणि त्यातली गाडी जिला घासून गेली ती भिंत बघायचा तिनं हट्ट धरला होता. आई ओरडेल म्हणून सांगायचं नाही, हेही तिचंच. वहीतले नियमही तिनेच लिहिलेले; कुणी खरंच मागे लागलं तर काय करायचं, म्हणून.

रिक्षाचे पैसे देऊन आसावरी गाडीत बसली. घरासमोर गाडी लावून देवाप्पानं किल्ली आसावरीपुढे धरली.

"सोमवारपास्नं दुसरा माणूस बघा, अक्का."

"देवाप्पा, माझं चुकलं. रिअली सॉरी. असं नका करू. माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे आता."

"मी रागावलो न्हाई. पोरगी तुमची हाय, तुमी बघणारच. आणि गुरवारी मी खोटं बोललोच की." तो आर्या घरात गेल्याची खात्री करून हळू बोलला. "पर आता कवाबी मागं रिक्षा दिसली की मला वाटणार, अक्काच असत्याल. मी गाडी थांबवणार. आणि एखाद्या दिशी त्यात तुमी नसला तर?"

 देवाप्पानं किल्ली तिच्या हातात ठेवली, वर आर्याच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि तो बस स्टॉपकडे चालू लागला.