मिशीतला बोंबील

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. माझे नाव ओशाळणे. आजकाल आपली भेट बहुधा प्रश्नपत्रिकेतच होते: ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ तुम्ही ‘लाजणे’ असे लिहिता, अर्धा गुण मिळवता आणि पुढच्या प्रश्नाकडे वळता. पण तो अर्थ पुरता बरोबर नाही. का, ते सांगायला मला लालबागच्या एका चाळीत जावे लागेल.

माझ्या जन्माविषयी विद्वानांचे एकमत नाही आणि मलाही काही आठवत नाही. माझ्या दोन चुलत बहिणी मात्र चांगल्या आठवतात, लाज आणि शरम. दोघींना कामातून उसंत नसे. सकाळी नळाला पाणी आले की त्यांना बोलावणे आलेच. ‘लाज नाही वाटत, दुसऱ्याची बादली सरकवायला?’ ‘थोडी तरी शरम ठेवा.’ दिवसभर त्या या गॅलरीतून त्या गॅलरीत फेकल्या जात. मला कोणी फेकत नसे. ‘ओशाळ’ असा हुकूम कोणी कोणाला सोडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. त्यामुळे मी बहुतेक वेळ रिकामाच असे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस होते. माझ्या बहिणींना सर्वांत जास्त राबवत ते कोंडीराम. मूळचे मालवणकडचे, गिरणीत कामाला, मिशी भरघोस आणि आवाज असा की मोर्चात त्यांना कर्णा लागत नसे. समोरच्या खोलीतले शामराव सरकारी कचेरीत कारकून होते. मोर्चात कोणी पाहिले तर नोकरी जाईल, म्हणून ते जात नसत. कोंडीराम त्यांना रोज जिन्यात गाठत.

“काय शामराव, आज पण हापिसात? लाज कशी वाटत नाय हो तुम्हाला?”

“वाटते ना,” शामराव म्हणत. “डब्याबरोबर तीही घेऊनच जातो.”

एकदा कोंडीरामांनी जाहीर केले की मुंबईसाठी ते चाळीच्या अंगणात एक दिवसाचे उपोषण करणार. संध्याकाळी समितीचे पुढारी येऊन त्यांना लिंबूपाणी देणार होते. अंगणात जिन्यासमोर सतरंजी अंथरली गेली, गळ्यात हार पडला, बायका ओवाळून गेल्या. सगळे यथासांग झाले. चूक एवढीच, की त्यांनी वार निवडला रविवार.

गिरणगावातला रविवार म्हणजे घरोघरी मासळी. ऊन चढले तसे एकेका खोलीत तवे चढले. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ एवढे कोंडीराम जोरात म्हणत, पण ‘झालाच पाहिजे’ला त्यांचा आवाज वासाच्या दिशेने वळे. शेवटी ते डबडे घेऊन संडासाकडे निघाले. त्यांची खोली नेमकी वाटेत होती. आत कमळाबाई बोंबील तळत होत्या. त्यांनी नवऱ्याचे तोंड बघितले आणि दार लोटून घेतले.

“गपचूप खावन घेवा. कोणाक कळाचा नाय.”

कोंडीराम परत येऊन सतरंजीवर बसले ते तेजस्वी चेहऱ्याने. तोच चाळीचे मांजर आले आणि त्यांच्या मांडीवर चढून मिशीकडे टक लावून बघू लागले. त्यांनी ढकलले, ते पुन्हा चढले. फाटकात घोषणा सुरू झाल्या. पुढारी ठरल्या वेळेआधी, भर उन्हातच आले होते, मागे शेजारच्या चाळींतली माणसे. शामराव खांद्यावर पंचा टाकून खाली उतरले आणि उपोषणकर्त्याला नमस्कार करायला वाकले. मिशीत तळलेला रवा होता. आणि बोंबलाचे शेपूट.

शामरावांना दिसले, हे कोंडीरामांना दिसले. आता एवढेच ठरायचे होते, की कोंडीराम उद्यापासून चाळीचे कार्यकर्ते राहणार की जन्मभराचे ‘बोंबीलवाले’ होणार. माझ्या दोन्ही बहिणी पदर खोचून शामरावांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा हक्कच होता.

शामरावांनी खांद्यावरचा पंचा काढून पुढे केला.

“ऊन फार आहे, कोंडीराम. तोंड पुसून घ्या. पाहुणे आले.”

मग त्यांनी मांजराला बखोटीला धरून उचलले आणि पुढाऱ्यांना म्हणाले, “आमचं आहे. फार लाडावलंय.” मांजर त्यांचे नव्हते. त्याने तिथल्या तिथे त्यांना बोचकारून तसे स्पष्टही केले.

मित्रांनो, तेव्हा मी आलो. कोणी बोलावले नव्हते. कोंडीरामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, मान खाली गेली, पंच्यात खुपसलेले तोंड वर येईना. पुढारी गहिवरून म्हणाले, “पाहा, भुकेनं या माणसाचा आवाज गेलाय.” टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून नळावर शामरावांची बादली पहिली लागू लागली. “त्यांना हापिसात जायचं असतंय,” कोंडीराम बाकीच्यांवर खेकसत. कारण कोणालाच कळले नाही.

पुढे शामरावांच्या मुलीने, पद्मजाने, मला शाळेतून घरी आणले. “बाबा, ओशाळणे म्हणजे लाजणेच ना?”

“जवळपास,” शामराव म्हणाले. “एक फार चांगलं उदाहरण आहे बघ. पण ते माझं नाही, मला देता येत नाही.”

पद्मजाने लिहिले, ‘मोहन ओशाळला.’ बाईंनी शेजारी लाल शाईत विचारले, ‘का?’

त्याचे उत्तर मिळायला फार वर्षे लागली. शामराव गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ ओसरल्यावर पांढऱ्या मिशीचे कोंडीराम काठी टेकत आले. पद्मजापाशी बसले. मग त्यांनी त्या रविवारची गोष्ट सांगितली, रव्यासकट, शेपटासकट.

“कोणाक सांगूक नाय गो तुझ्या बापसान. तुका पण नाय?”

“नाही, काका.” पद्मजा म्हणाली. “मनगटावर एक पुसट रेघ होती त्यांच्या. विचारलं की म्हणायचे, एक मांजर होतं, आमचं नव्हतं.”

आणि ती हसली. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

तर मित्रांनो, माझा अर्थ पाठ करू नका. माझ्या बहिणी जिभेवर आल्या तर त्यांना जरा थोपवा. कोणाच्या मिशीत काही अडकलेले दिसलेच, तर खांद्यावरचा पंचा पुढे करा आणि मांजराचे तेवढे बघून घ्या. बाकीचे माझ्यावर सोडा.