हे नाव आधीच घेतलेले आहे

मित्रांनो, मी संगणकातली एक जुनी तपासणी आहे. मला अंग नाही, आवाज नाही. माझी हकिकत तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, याचीही मला खात्री नाही.

घर सोडावं लागलेल्या बायकांना आसरा देणारी एक संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना कुणी टोपणनाव टाइप केलं, की मी आतल्या नोंदींमध्ये धावत जाऊन बघायची. नाव नसेल तर सांगायची, 'हे नाव मिळेल.' असेल तर, 'हे नाव आधीच घेतलेले आहे.' मला घडवणारा तरुण माझ्या चपळाईवर भारी खूश होता.

त्याच्या शेजारी बसणारी सहकारी मात्र एकदा म्हणाली, "अरे, ही कुणालाही सांगते की, आत कोण आहे ते!"

"नुसतं टोपणनाव तर आहे. त्यानं कुणाचं काय बिघडतंय? तुझं आपलं काहीतरीच!"

तीही हसली आणि विषय तिथेच राहिला.

एका दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक नवरा आणि त्याची बहीण अशा संस्थांची संकेतस्थळं एकेक करून उघडत होते. त्याची बायको लेकीला घेऊन निघून गेली होती.

"दादा, वहिनी सगळीकडे एकच नाव लावते. विणकामाच्या गटातसुद्धा तेच."

त्याने टाइप केलं: उंटावरचीशहाणी. तिच्या वडिलांनी लाडाने ठेवलेलं नाव. मी धावत गेले. नाव होतं. मी खरं ते सांगितलं.

"सापडली! असलं नाव दुसरी कोण घेणार?" बहीण म्हणाली.

"गाडीची किल्ली दे," तो म्हणाला.

संस्थेचं घर एकच होतं, आणि त्याचा रस्ता पुष्कळांना ठाऊक होता.

लेक वाचली. आई वाचली नाही. दुसऱ्या दिवशी मला घडवणारा डोकं धरून बसला होता.

मग त्याने मला बदललं. आता नाव आत असो वा नसो, मी प्रत्येकाला एकच सांगते, 'पुढचं तुमच्या ईमेलवर कळवू.' लोक म्हणतात, ही मठ्ठ झाली. म्हणोत बापडे.

मित्रांनो, खरं बोलावं, हे तुम्हाला शिकवलंच असेल. पण दाराशी येऊन कुणी विचारलं, "ती इथेच राहते ना?", तर उत्तर देण्याआधी, विचारणारा कोण आहे ते बघा. मला बघताच येत नव्हतं. तुम्हाला डोळे आहेत.