बटणांचा कप

थेल्माला एकच गोष्ट हवी होती. पणजीच्या, केझायाच्या, हातची एखादी तरी वस्तू.

दोन वर्षं ती मागावर होती. चर्चच्या दप्तरात सापडलं काय, तर जन्म, लग्न, दफन. फोटो नाही, कबरीवर दगड नाही. आई एवढंच सांगायची, "माझी आजी कारखान्यात कप रंगवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला."

आता आईही गेली. स्टोक शहरातलं, बर्सलेम भागातलं घर विकलं, उद्या चावी द्यायची. धाकटा भाऊ क्लाइव्ह स्वयंपाकघरात भांडी खोक्यांत भरत होता. सगळं धर्मादाय दुकानात जाणार होतं.

"काय गं, सापडली का तुझी महाराणी?"

"महाराणी असती तर चुटकीसरशी सापडली असती. साधी बाई शोधणं म्हणजे धुरात हात घालणं आहे, क्लाइव्ह."

"मग सोड की! जेवायला काय आणलंयस?"

थेल्माने पिशवीतून पाई काढली. आत मांस आणि बटाटा, वर पिठाचं खरपूस झाकण. झाकणावर सुरीने काढलेली नेहमीची खूण. तीन टिंबं, खाली वाकडी रेघ, आणि रेघेच्या टोकाला उलटा वळसा. आई काढायची, आजी काढायची. पूर्वी अख्ख्या गल्लीच्या पाई एकाच बेकरीच्या भट्टीत भाजायच्या, मग आपली ओळखू नको यायला? वळसा चुकला तर आई हातावर चापट मारायची.

क्लाइव्हने फळीवरचा बटणांचा कप उचलला. कानाचा तुकडा उडालेला, निळ्या फुलांचा. जन्मापासून तिथेच होता.

"हाही टाकू?"

"टाक. थांब, बटणं काढू दे."

तिने बटणं टेबलावर ओतली. आणि सवयीने कप उलटा केला.

स्टोक म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचं शहर, तिथल्या माणसाची खोडच ती. हॉटेलात जावो की लग्नात, आधी बशी उलटी करून कुठल्या कारखान्याची ते बघणार. क्लाइव्हने तर सासुरवाडीला पहिल्याच दिवशी रश्शाने भरलेली ताटली उलटी केली होती, सासूच्या मांडीवर. पण घरातला कप कधी कुणी उलटा केला नाही. केला असता तर बटणं सांडली असती ना!

थेल्मा खुर्चीत बसली. बसली म्हणजे पडलीच.

"काय झालं गं? ए थेल्मा!"

तिने कप पुढे केला. तळाशी कारखान्याचा शिक्का होता. त्याच्या बाजूला ब्रशने काढलेली इवलीशी निळी खूण. रंगवणाऱ्या प्रत्येक बाईची आपली एक खूण असायची, कुठला नग कुणाचा ते कळायला. हे स्टोकमध्ये शाळकरी पोरालाही माहीत असतं.

तीन टिंबं. वाकडी रेघ. टोकाला उलटा वळसा.

क्लाइव्हने कपाकडे पाहिलं. मग पाईकडे. मग पुन्हा कपाकडे. 

"तिला लिहिता येत नव्हतं," थेल्मा पुटपुटली. "ही तिची सही आहे रे. आणि मी ती दर रविवारी करतेय. सात वर्षांची होते तेव्हापासून."

तिने त्या निळ्या वळशावर बोट ठेवलं. झिलई गार होती, गुळगुळीत. बोट आपोआप वळलं, आईने शिकवलेल्या बाजूला. आईचा हात आजीने धरला होता, आजीचा केझायाने. आणि थेल्मा दोन वर्षं दप्तरं चाळत फिरत होती.

"सुरी दे," क्लाइव्ह म्हणाला.

त्याने पाई कापली, पण अगदी जपून, खुणेला धक्का न लावता. खुणेचा तुकडा थेल्माच्या ताटलीत ठेवला. कप मात्र खोक्यात गेला नाही. बाहीने पुसून त्याने तो तिच्यासमोर उलटाच ठेवला.

"खा आता. गार होतंय."

थेल्माने काटा उचलला. पण कितीतरी वेळ तिला त्या तुकड्याला हातच लावता येईना.