दाफिनाच्या जागी

माझी बायको दाफिना गेली हे मला रेडिओवरून कळलं. ऑगस्टची एकोणीस तारीख होती. मी फेरीबोटीच्या इंजिनखोलीत होतो आणि वर कप्तान कामेनने बातम्या लावल्या होत्या. त्याने मधेच आवाज बंद केला. मग म्हणाला, "रादोय, वर ये. हात पुसत बसू नकोस, तसाच ये."

मी वर गेलो आणि म्हणालो, "लाव परत."

त्याने लावलं. न्यायाधीश स्त्रेझोव यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहणारी सुईण दाफिना म्लादेनोवा हिचं सोफियात, प्रचार कार्यालयाच्या जिन्यात निधन झालं, असं बातम्या देणारी बाई वाचत होती. आम्ही नदीच्या मधोमध होतो. पलीकडे रोमानियात गाड्या उतरवून परत यायला पाऊण तास लागला.

कोटातल्या फोनवर सोफियाहून आलेले दोन कॉल होते. म्हणजे त्यांनी मला फोन केला होता, हे मान्य करायला हवं. पण मी उचलला नाही म्हणून ते थांबलेही नाहीत.

आमच्या बल्गेरियात राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष एकाच मतावर निवडून येतात, म्हणून जोडी निवडताना फार तोलूनमापून घेतात. स्त्रेझोव सोफियाचे निवृत्त न्यायाधीश. माणूस सरळ, पण कोरडा. त्यांना आमच्या वायव्येकडचं, लोकांना आपलं वाटेल असं कुणीतरी हवं होतं. दाफिनाने एकतीस वर्षं आमच्या गावच्या बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलं. मार्चमध्ये त्या वॉर्डला कुलूप लागलं. तेव्हापासून बायकांना बाळंतपणासाठी अडुसष्ट किलोमीटर जावं लागतं आणि सगळ्या पोचत नाहीत. दाफिना सोफियाला जाऊन मंत्रालयाच्या दारात अकरा दिवस उभी राहिली. टीव्हीवर दिसली. मग हे लोक आमच्या घरी आले.

तिने एकच अट घातली. म्हणाली, "राष्ट्राध्यक्षाच्या हातात फारसं काही नसतं हे मला माहीत आहे. पण तोंड तर असतं. आमच्या चौकात उभं राहून म्हणायचं, हा वॉर्ड पुन्हा उघडा. तेवढ्या एका वाक्यासाठी मी उभी राहते."

न्यायाधीशांनी माझ्यासमोर तिच्या हातावर हात मारून शब्द दिला.

सप्टेंबरच्या मधल्या एका शनिवारी ते पुन्हा आले. बरोबर प्रचारप्रमुख इस्क्रा होती, पस्तिशीची, चुणचुणीत पोरगी. मी अंगणात हिवाळ्यासाठी ढोबळ्या मिरच्या भाजून सोलत होतो. ते काम दरवर्षी दाफिना करायची. ॲम्ब्युलन्स चालवणारी सेव्दा मला मदत करायला, म्हणजे नावं ठेवायला, आली होती. वॉर्ड बंद झाल्यापासून रस्त्यात जी तीन बाळंतपणं झाली, ती दाफिनाने सेव्दाच्या गाडीत केली होती.

"दादा, सालं काढायची असतात, मिरची नव्हे," सेव्दा म्हणाली. "हे बघून दाफिना परत येईल आणि तुला झोडपेल."

"येऊ दे," मी म्हणालो.

पाहुण्यांना बसवून मी राकिया, आमची फळांची दारू, ओतली. गेलेल्या माणसासाठी आम्ही दोन थेंब जमिनीवर सांडतो आणि पेले एकमेकांना लावत नाही. इस्क्राने सवयीने माझ्या पेल्यावर पेला आपटला. ती लाल झाली.

"काका, माफ करा. चुकलं."

"होतं. पी."

तिने पिशवीतून कागद काढला. दाफिनाच्या जागी कोण, याची यादी होती, आणि प्रत्येक नावापुढे किती टक्के मतं वाढतील ते लिहिलं होतं. पहिलं नाव निवृत्त जनरलचं.

"जनरल शिस्तीचा आहे," न्यायाधीश म्हणाले. "पण लोकांना त्याचं हसू येतं."

"हसत नाही म्हणून येतं," सेव्दा म्हणाली.

दुसरा टीव्हीवर सल्ला देणारा डॉक्टर. त्याने दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षाचा प्रचार केला होता. तिसरी वार्नाची प्राध्यापिका, हुशार, पण आमच्या भागात तिला कुणी ओळखत नव्हतं. इस्क्रा प्रत्येकाचं पारडं वरखाली करत होती. बाजारात कलिंगड घेताना माणसं जशी टिचकी मारून बघतात तसं ते चाललं होतं.

मी म्हणालो, "यादीत सेव्दा का नाही? दाफिनाबरोबर काम केलंय तिने. बोलायला घाबरत नाही."

"हे बघा, मला मधे ओढू नका," सेव्दा म्हणाली, पण तिने मिरच्या बाजूला ठेवल्या.

इस्क्राने तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, गेली पाच वर्षं तुम्ही देशातच होतात?"

"ॲम्ब्युलन्सवर आत्ता एप्रिलपासून आहे. त्याआधी चार वर्षं इटलीत, एका म्हातारीकडे. तिला आंघोळ घालायचे."

"मग नाही चालणार. उमेदवार शेवटची पाच वर्षं बल्गेरियात राहिलेला लागतो. राज्यघटनेतच आहे."

सेव्दा हसली. "अगं, आमच्या जिल्ह्यात इटलीला नाही तर स्पेनला गेला नाही असा कोण उरलाय? मेलेले आणि फेरीबोटवाले."

"तेच म्हणते मी," इस्क्रा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही कुठे गेला नाहीत."

"मी रोज परदेशी जातो. वीस मिनिटांसाठी."

ती हसली नाही. तिने कागद उलटला. मागे चौथं नाव होतं, माझं. आणि त्यापुढचा आकडा सगळ्यांत मोठा होता.

"लोक दाफिनाताईंसाठी रडलेत," ती म्हणाली. "तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. भाषण नको, काही नको."

मी न्यायाधीशांना विचारलं, "आणि वॉर्डचं वाक्य?"

त्यांनी पेला फिरवला. "रादोय, तो गावापुरता प्रश्न आहे. देशभर अशी चाळीस गावं आहेत. एकाचं नाव घेतलं की बाकीचे विचारतात, आमचं काय. तुम्ही शेजारी दिसलात की लोकांना न सांगता कळेल."

"साहेब, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? म्हणणार की नाही?"

"दाफिना असती तर म्हटलं असतं."

"ती मेली म्हणून तुमचा शब्दही मेला का?"

त्यांनी पेला खाली ठेवला. इस्क्राला वाटलं दाफिनाच्या आठवणीने मी पाघळतोय, म्हणून तिने पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. शोकपत्रकं होती, चाळिसाव्या दिवसाची, काळ्या चौकटीत दाफिनाचा फोटो. आमच्याकडे ती चाळिसाव्या दिवशी, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने दारावर, झाडांवर, विजेच्या खांबांवर चिकटवतात. खाली दुःखी कुटुंबीयांची नावं असतात. इथे लिहिलं होतं: तिचं काम पुढे नेणार, स्त्रेझोव आणि म्लादेनोव. म्लादेनोव म्हणजे मी.

"नुसता नमुना आहे, काका."

"नमुना एक असतो. हे हजारभर आहेत. मला विचारायच्या आधी छापलेत."

"वेळ कमी आहे हो. महिनाअखेरीला नाव द्यायचंय."

मी गठ्ठा परत तिच्या पिशवीत घातला. "मी उभा राहणार नाही. तिचा फोटोही कुठे लावायचा नाही. वाक्य म्हणाल त्या दिवशी या, तुमच्या गाडीवर झेंडा मी स्वतः लावीन."

"तुम्ही दुःखात आहात," न्यायाधीश म्हणाले.

"आहे. पण बहिरा नाही झालो."

जाताना त्यांनी हात पुढे केला. मी घेतला नाही. माझ्या हाताला मिरचीचं काळं लागलं होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी जनरलचं नाव जाहीर केलं.

मग मी आमच्या गावच्या छापखान्यात गेलो. छापणाऱ्या म्हातारीने मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, "रादोय, शोकपत्रकावर असं लिहितात का?"

"मी लिहितोय."

फोटो, नाव, तारखा. त्याखाली: एकतीस वर्षं सुईण. तिचा वॉर्ड मार्चपासून बंद आहे. तो उघडा असं आमच्या चौकात म्हणण्याचा शब्द न्यायाधीश स्त्रेझोव यांनी तिला दिला होता. त्यांनी ते अजून म्हटलेलं नाही. दुःखी: पती रादोय.

चाळिसाव्या दिवशी थडग्यावर रिवाजाप्रमाणे उकडलेले गहू वाटून झाले आणि सेव्दा, कामेन आणि मी चिकटवायला निघालो. संध्याकाळपर्यंत शेजारची गावंही झाली. बायका दारात येऊन कागद मागून नेत होत्या.

ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश आणि जनरलची पोस्टरं लावायला माणसं आली. प्रत्येक खांबावर दाफिना होती. मेलेल्या माणसाचा कागद आमच्याकडे कुणी फाडत नाही, त्यावर दुसरा चिकटवतही नाही. ती माणसं गठ्ठे गाडीत टाकून परत गेली.

इस्क्राचा फोन आला. "काका, अहो, ते काढा. आमचं नुकसान होतंय."

"तू ये आणि काढ."

"मी कशी काढू?"

"मग राहू दे."

"नगरपालिकेला सांगावं लागेल."

"सांग. तिथल्या कारकुनाला दाफिनानेच जगात आणलंय. बघ त्याचा हात उठतो का."

ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं की म्हणून टाका."

"मला सांगून काय उपयोग? त्यांना परत सांग."

न्यायाधीश सभेला आमच्या चौकात आले. मी पहिल्या रांगेत उभा होतो, सेव्दा ॲम्ब्युलन्सचा गणवेश घालून शेजारी. ते रस्त्यांवर बोलले, सीमेवर बोलले. आरोग्यसेवेकडे लक्ष देऊ, असं म्हणाले. मागून एक बाई ओरडली, "साहेब, खांब वाचा." लोक हसले. त्यांनी खरंच खांबाकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि जनरलकडे माइक दिला.

आमच्या गावात ते हरले. देशात जिंकले.

एकोणीस नोव्हेंबरला तीन महिन्यांचा कागद लावला. मजकूर तोच, फक्त 'न्यायाधीश'ऐवजी 'निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष' असं घातलं. आता सहा महिन्यांचा लावीन, मग वर्षाचा. छापखान्यातल्या म्हातारीने छापायचं कबूल केलंय.

वॉर्डला कुलूप आहे. ते वाक्य अजून म्हटलं गेलेलं नाही.